बारवेत गेलेले तीन चेंडू

परवा नातू टीव्हीवर फुटबॉलचा सामना बघत होता. चेंडू रेषेबाहेर गेला, आणि तो पुरता थांबायच्या आत कडेला ठेवलेला दुसरा चेंडू खेळात आलासुद्धा. नातू म्हणाला, "आजोबा, पूर्वी एकाच चेंडूवर कसं भागायचं? किती वेळ वाया जात असेल!" मी म्हणालो, "भागायचं." पुढे काही बोललो नाही. घरात मी तिरसट म्हातारा म्हणूनच ओळखला जातो, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. पण जास्तीच्या चेंडूंची ही अक्कल आमच्या भागात पहिल्यांदा मीच चालवली होती. त्याचं पुढे काय झालं, ते मी घरात कधी सांगितलेलं नाही.

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी मूळचा जळगाव जामोदकडचा. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांत फुटबॉल खेळून पाय टणक झालेले. अमरावतीला शारीरिक शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलं आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, दुसरबीडच्या बाजूच्या एका मोठ्या गावात, हायस्कुलात ड्रिल मास्तर म्हणून लागलो. वय चोवीस, राग नाकावर. थांबणं मला जन्मात जमलेलं नाही. चहा निवायची वाट न बघता मी किती वेळा जीभ पोळून घेतली असेल, त्याला गणती नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं आई मला उठता बसता म्हणायची.

शाळेचं मैदान ऐसपैस होतं, पण त्याला एक खोड होती. उत्तरेच्या गोलपोस्टाच्या उजव्या अंगाला जुनी दगडी बारव होती. मैदानाचा उतार नेमका तिच्याकडे. मैदानाच्या बाजूचा तिचा कठडा कधीचा ढासळलेला. चेंडू त्या बाजूला बाहेर गेला, की घरंगळत जायचा आणि थेट आत पडायचा. पडल्याचा आवाज मात्र लगेच येत नसे. वर उभं राहून आपण एक दोन तीन मोजावं आणि मग खालून 'डुबुक' ऐकू यावं. पाणी काही एवढं खाली नव्हतं. मला तो उशीर कधीच समजला नाही. आणखी एक गोष्ट पहिल्या महिन्यातच ध्यानात आली. बारवेच्या कोनाड्यांतली कबुतरं चेंडू आत पडल्यावर उडत नसत. ती आधी उडत. कबुतरं भर्रकन वर आली, की मैदानावरची पोरं समजून चुकायची, आता चेंडू जाणार.

चेंडू बारवेत गेला की खेळ बंद. पोरं जागच्या जागी बसून घ्यायची, बघणारे तंबाखू मळायला लागायचे, आणि शाळेचे शिपाई उठायचे. सगळी शाळा त्यांना मामा म्हणायची. पन्नाशीचे, सडपातळ, खांद्यावर पंचा. ते पंच्याची घडी करत शांतपणे बारवेकडे जायचे, वहाणा वर काढून ठेवायचे आणि उतरायचे. खालच्या टप्प्यातल्या तिसऱ्या पायरीपुढे पाणी सुरू व्हायचं. त्या पायरीवर ते बसायचे, आणि बसूनच राहायचे.

गावाची रीत अशी होती, की बारवेत पडलेली वस्तू गळ किंवा काठी घालून ओढायची नाही. बादली असो, कळशी असो, पायरीवर बसायचं, पाणी निवळू द्यायचं, वस्तू आपसूक पायरीला लागली की हात जोडून उचलायची. खाली आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, आहेत, त्यांच्या हातातून हिसकून घेऊ नये, असं लोक म्हणत. मी अशा गोष्टींवर हसणारा माणूस. पण चेंडू खरोखर यायचा. मधोमध पडलेला चेंडू थोड्या वेळानं हलायचा, भिंतीच्या कडेकडेनं फिरत यायचा आणि बरोबर मामांच्या पायाशी तिसऱ्या पायरीला टेकायचा. कधी दहा मिनिटं लागायची, कधी वीस. मामा तो उचलायचे, पंच्यानं पुसायचे, वर आणायचे. तेव्हा त्यांचा चेहरा देवळातून आलेल्या माणसासारखा असायचा.

माझा मात्र जीव जायचा. चिखलीच्या शाळेचा संघ एसटीनं यायचा आणि साडेपाचच्या शेवटच्या गाडीनं परत जायचा. माझ्या पहिल्या वर्षी त्यांच्याशी दोन सामने झाले, आणि दोन्ही अर्धवट राहिले. चेंडू चार चार वेळा बारवेत, मामा खाली बसलेले, आणि पलीकडे गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. दुसऱ्या वेळी चिखलीचे मास्तर मला म्हणाले, "तुमच्या गावात खेळाले येनं म्हंजे अर्धा दिवस बारवेच्या काठावर बसनं आहे, बुवा." मला ते फार झोंबलं.

मी उपाय करून पाहिले. ढासळलेल्या कठड्याच्या जागी बोराटीचं कुंपण घातलं, तर काटा आत शिरून चेंडूचं ब्लॅडर फाटलं, आणि महिनाभर पोरं नुसत्या कवायती करत राहिली. मग एक दिवस हेडमास्तरांना म्हणालो, "मी स्वतः लांब बांबूला आकडी बांधतो आणि दोन मिनिटांत चेंडू काढतो. रीत गेली खड्ड्यात." हेडमास्तर मवाळ माणूस. त्यांनी खोलीचं दार लोटलं आणि मला मामांची गोष्ट सांगितली.

मामांना एकच मुलगी होती, नऊ वर्षांची. आठ वर्षांपूर्वी शाळेत तपासणीला साहेब आले होते. घागरीत पाणी नव्हतं. मामांनी पोरीला बारवेवर पिटाळलं आणि मागून ओरडले, "लवकर आन! पयत जाय!" पोरीच्या हातून कळशी निसटून पाण्यात गेली. रीत तिलाही माहीत होती. पण बापानं लवकर म्हटलं होतं. ती बसून राहिली नाही, काठी घेऊन वाकली, आणि गेली. तेव्हापासून मामांची बायको बारवेकडे फिरकली नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीवरून, तीन आळ्या ओलांडून, ती पाणी आणायची. मामा मात्र पहिले काही महिने रात्रंदिवस पायरीवर जाऊन बसायचे. शेवटी मामीनं त्यांना शपथ घातली, की शाळेच्या कामाशिवाय त्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. मामांनी शपथ कधी मोडली नाही.

"म्हणून ते चेंडूची वाट पाहतात," हेडमास्तर म्हणाले. "चेंडू पडला की ते शाळेचं काम होतं."

मला वाईट वाटलं. पण माझं वाईट वाटणंही उतावळंच. मी मनात म्हटलं, हे बरं नाही. माणसानं असं दर आठवड्याला आपल्या दुःखाच्या उंबऱ्यावर जाऊन बसू नये, आणि आपण त्याला कारण पुरवू नये. आज लिहिताना कळतं, की मला सामना पूर्ण करायचा होता आणि त्याला मी दयेचा मुलामा देत होतो.

तरी एक गोष्ट तपासून पाहावीशी वाटली. चेंडू पायरीला येतो तो झऱ्याच्या ओढीनं, अशी माझी खात्री होती. एका रविवारी भर दुपारी मैदानावर चिटपाखरू नसताना मी चेंडू घेऊन गेलो, बारवेत टाकला आणि तिसऱ्या पायरीवर जाऊन बसलो. खाली गारवा होता. वरचं ऊन चौकोनी तुकड्यासारखं दिसत होतं. चेंडू मधोमध थांबला. पाणी निवळलं, अगदी काचेसारखं झालं, तरी तो तसाच. अर्धा तास गेला असेल. मला हळूहळू असं वाटायला लागलं, की मी कुणाच्या तरी घरात न विचारता बसलो आहे आणि घरातलं माणूस मी उठायची वाट बघतंय. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते म्हणून राग येत होता. मी मोठ्यानं म्हणालो, "दे की!"

चेंडू हलला. हातभर पलीकडे सरकला, माझ्यापासून लांब, आणि पुन्हा थांबला. वारा नव्हता. मी पायऱ्या कशा चढलो ते आठवत नाही. चेंडू तसाच टाकून खोलीवर गेलो आणि दार लावून घेतलं.

सोमवारी प्रार्थनेनंतर मामा चेंडू घेऊन माझ्यापुढे उभे. मी कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "आइतवारी टाकत नका जाऊ. आइतवारी मी नसतो. तिले वाट पाहा लागते."

शहाण्या माणसानं तिथंच कानाला खडा लावला असता. मी काय केलं? मी ठरवलं, की त्या बारवेशी आपला संबंधच नको. चेंडू गेला तर जाऊ दे, दुसरा घ्यायचा. तोही गेला तर तिसरा. खेळ थांबणार नाही, कुणी खाली उतरणार नाही, गाडी चुकणार नाही. सामना संपला की सगळे एकदम काढायचे.

हेडमास्तर म्हणाले, "अहो, फुटबॉलच्या नियमात एकच चेंडू असतो."

"खेळात एकच असावा," मी म्हणालो, "गावात एकच असावा असं कुठं लिहिलंय?"

ते हसले. गावातल्या जाणत्यांचं मत मात्र अनुकूल पडलं नाही. पारावरचे एक आजोबा म्हणाले, "एक असला म्हंजे त्याची किंमत राह्यते, मास्तर. तीन झाले की एकाचीबी नाही." मी म्हटलं, हे म्हातारे खेळायला थोडेच येणार आहेत. मामांना मी विचारलंच नाही. ज्याचं खरं काही जाणार होतं, तो एकटाच माणूस मी सोडून दिला.

शाळेचा एक चेंडू होता. दुसरा मी खटपट करून तालुक्याहून आणला. तिसरा गावातल्या जोडे शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडून करून घेतला. त्यानं तो मोटेच्या कातड्याचा केला. इंजिनं यायला लागली होती आणि विहिरीवरच्या मोटा अडगळीत पडत होत्या, त्यातलीच एक फाडून. चेंडू गोल झाला, पण काळपट आणि जड. देताना म्हातारा म्हणाला, "पान्यातलं कातडं हाये, मास्तर. वाट भुलनार नाही." मी हसून चेंडूत सायकलच्या पंपानं हवा भरली.

तिळसंक्रांत होऊन गेल्यावर चिखलीचा संघ आला. बघायला सगळं गाव लोटलं होतं. मी पंच. रेषेच्या कडेला खुर्चीवर दोन जादा चेंडू ठेवले होते आणि लोक त्यांच्याकडे नवरीचा रुखवत बघावा तसे बघत होते. मामा नेहमीच्या जागी, गोलपोस्टामागे दगडावर बसले होते. आज नवा पंचा आणला होता. ते पाहून मला चुकचुकल्यासारखं झालं, पण मी शिट्टी वाजवली.

दहा मिनिटं झाली असतील. कबुतरं उडाली. आमच्या बॅकनं चेंडू बाहेर मारला, तो घरंगळला आणि आत गेला. एक, दोन, तीन, डुबुक. मामा उठले, पंच्याची घडी केली आणि चालू लागले. मी लांबूनच हात केला. "राहू द्या, मामा! खेळ संपल्यावर काढू." आणि खुर्चीवरचा दुसरा चेंडू खेळात घेतला.

मामा थांबले. हातातल्या पंच्याकडे त्यांनी पाहिलं. मग परत दगडावर जाऊन बसले, पण तोंड बारवेकडे करून.

खेळ मात्र काय रंगला! थांबणं नाही, बसणं नाही. पोरं घामानं निथळत होती, लोक उभे राहून आरडाओरडा करत होते. चिखलीच्या मास्तरांनी मला लांबून मान हलवून शाबासकी दिली. माझी छाती फुगली. हाफटाइम वेळेवर झाला, ही त्या मैदानावरची पहिलीच खेप होती.

दुसरा डाव सुरू झाला आणि मला तो आवाज आला. थप. मग थोडं थांबून, थप. भिंतीला कुणी अलगद चेंडू मारतंय असा. मी आधी दुर्लक्ष केलं. मग लक्षात आलं, की कबुतरं अजून खाली बसलेली नाहीत. तासाभरापासून ती बारवेवर घिरट्या घालत होती. मामा उठून रेषेपर्यंत आले.

"मास्तर, आला तो. पडल्यापडल्याच आला, कवाचा पायरीले लागून राह्यला. मी जाऊन घेऊन येतो."

"आता नाही, मामा. मध्येच लक्ष विचलित होतं पोरांचं."

"दोन मिंटं, मास्तर. ते आलं हाये ना. आल्यावर घ्या लागते."

"मामा, सांगितलं ना एकदा!" मी खेकसलो. चारचौघांत, माझ्या बापाच्या वयाच्या माणसावर. त्यांनी मान खाली घातली. नोकरी होती, आणि मी मास्तर होतो.

थप, थप असा तो आवाज आणखी थोडा वेळ येत राहिला. मग एकदम बंद झाला. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. लगेच चिखलीच्या एका पोरानं गोलवर मारलेला चेंडू पोस्टाला लागून उलटा फिरला, उताराला लागला आणि बारवेत गेला. मी तिसरा घेतला, तो मोटेचा. त्याला कुणी नीट पायही लावला नसेल. दोन पोरांच्या पायांतून निसटून तो चालू लागला. घरंगळत नव्हता, जात होता, असंच मला आजही वाटतं. तीन पोरं मागं धावली, एकाचाही पाय पोचला नाही. त्याच्या पडण्याचा आवाज आम्हाला ऐकूच आला नाही. सगळं मैदान कान देऊन उभं होतं, कितीतरी वेळ.

सामन्याची पंधरा मिनिटं शिल्लक होती. खुर्ची रिकामी होती. मी मामांकडे पाहिलं. बोलायची लाज वाटली, म्हणून नुसती मान हलवली. ते उतरले.

मी वरून वाकून पाहत राहिलो. तीन चेंडू पाण्याच्या मधोमध होते. एकमेकांपासून सारख्या अंतरावर, एकही दुसऱ्याला लागत नव्हता, एकही हलत नव्हता. मामा तिसऱ्या पायरीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. पायरीचा दगड ओला होता. पहिला चेंडू जिथं येऊन टेकत होता, तिथं पाण्याच्या वरपर्यंत ओल चढली होती.

दहा मिनिटं गेली, वीस गेली, अर्धा तास गेला. गाडीचा हॉर्न झाला. चिखलीचे मास्तर पोरं घेऊन निघून गेले. गावकरी एकेक करून पांगले. हेडमास्तरांनी पोरांना घरी धाडलं. मी एकटा काठावर उरलो. शेवटी न राहवून मी वरून हाक मारली, "मामा, येत नसेल तर राहू द्या. उद्या बघू."

त्यांनी वर पाहिलं नाही. आवाज मात्र स्पष्ट आला. बारवेत हळू बोललेलंही वर नीट ऐकू येतं.

"आज पहिल्यांदा तिनं लवकर आनून देल्लता, मास्तर. लय येळ पायरीशी उभी होती. आपुन घेतला नाही." मग म्हणाले, "आता तिले वाटत असन, या लोकायपाशी ढीगभर हायेत. यायले कायले पाह्यजे?"

आजवर मी पुष्कळ चुका केल्या, काहींची माफीही मागितली. त्या संध्याकाळी कुणाची माफी मागायची, तेच मला कळत नव्हतं.

दिवेलागणीच्या सुमाराला पावलं वाजली. मामी आली होती. कुणीतरी तिला सांगितलं असणार, की तुझा माणूस दीड तासापासून खाली बसलाय. मी तिला याआधी फक्त लांबून पाहिलं होतं, डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेऊन तीन आळ्या चालताना. ती कठड्याच्या मोडक्या जागी येऊन उभी राहिली. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही.

"चाला घरी," ती म्हणाली.

"थांब जरा. येऊन राह्यली."

"आठ वर्सं झाले, येऊनच राह्यली."

"म्या घाई केल्ती त्या दिशी," मामा म्हणाले. "आता नाही करत."

मला वाटलं, मामी आता ओरडेल, शपथेची आठवण देईल, मला चार शिव्या देईल. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिनं पायातल्या चपला काढल्या, मामांच्या वहाणांशेजारी नीट ठेवल्या, आणि भिंतीला हात लावत पायऱ्या उतरायला लागली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, लहान मूल उतरतं तशी. खाली जाऊन ती मामांच्या शेजारी बसली. दोघांत हातभर जागा होती. कबुतरं एकेक करून कोनाड्यांत परतली, आणि इतकी शांतता झाली की मला माझाच श्वास मोठा वाटायला लागला.

मग मधल्या तीनपैकी एक चेंडू झोपेत कूस बदलावी तसा फिरला. भिंतीकडे गेला, कडेकडेनं आला, मामांच्या पायापुढून गेला. मामांनी हात पुढे केला नाही. चेंडू मामीच्या पुढ्यात पायरीला लागला. थप. ती नुसती बघत राहिली. तो किंचित मागं गेला आणि पुन्हा लागला. थप.

"घे," मामा म्हणाले. "आल्यावर घ्या लागते."

तिनं दोन्ही हातांनी तो उचलला. तिन्ही चेंडू भिजून सारखेच काळे दिसत होते. त्यातला हा कोणता, ते मला ओळखता आलं नाही. तिनं पदरानं पुसला, पुसतच राहिली. मग पदरात गुंडाळून उराशी धरला आणि उठली. मामा मागोमाग आले. काठावर मी आडवा उभा होतो, घाईघाईनं बाजूला झालो. मामी माझ्याजवळ थांबली. पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे पाहिलं. पदरातून पाणी ठिबकत होतं, पण चेंडू तिनं सैल सोडला नव्हता.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमच्यापाशी दुसरे हायेत ना?"

मी खाली पाहिलं. उरलेले दोन पाण्याच्या मधोमध होते आणि हलायचं नाव घेत नव्हते. शाळेत आता एकही चेंडू नव्हता.

"हाव मामी," मी म्हणालो, "हायेत."